'मसान'च्या वाटेने : बनारसचे घाट ते प्रयागचा संगम

रागाच्या भरात आपण किती सहज म्हणून जातो, 'मसणात जा!' हिंदीतला 'मसान' म्हणजे आपलं तेच मसण. स्मशान. 2015 साली या नावाचा एक सिनेमा आला. नीरज घायवान यांचा हा पहिला चित्रपट, वरुण ग्रोवर यांनी लिहिलेला. आणि त्यातली गंगा कॅमेऱ्यात पकडली अविनाश अरुण यांनी, म्हणजे आपल्या 'किल्ला'च्या दिग्दर्शकाने. कानच्या चित्रपट महोत्सवात त्याला दोन पुरस्कार मिळाले. विकी कौशल, रिचा चढ्ढा, संजय मिश्रा, श्वेता त्रिपाठी यांची नावं घेतली की कदाचित तुम्हाला आठवेल.

आज मी तुम्हाला या सिनेमातल्या माणसांच्या मागोमाग बनारसहून प्रयागराजला घेऊन जाणार आहे. ही माणसं काल्पनिक आहेत, पण त्यांचं दुःख तसं नाही. सिनेमा पाहिला नसेल तर आधीच सांगते, कथा इथे उलगडणार आहे.

मी ही वाट का धरली, तेही सांगायला हवं. आमच्या देवघरात गंगेचा एक सीलबंद तांब्याचा गडू होता. आजी-आजोबांनी काशीयात्रेहून आणलेला. तुमच्याही घरी असेल. आजी गेली त्या पहाटे तो उघडला आणि दोन थेंब तिच्या तोंडात घातले. तेराव्याला गोडाचं जेवण झालं. चौदाव्या दिवशी मी लॅपटॉप उघडून कामाला बसले. सगळे म्हणत होते, वय झालं होतं, सोनं झालं. आई काहीच म्हणत नव्हती. ती फक्त तो रिकामा गडू रोज चिंचेने घासून देवघरात ठेवत होती. पुढे हिवाळ्यात आम्ही दोघी बनारसला निघालो तेव्हा तो गडू तिच्या पर्समध्ये होता.

अस्सीहून चालत निघा

बनारसचे घाट बघायचे तर पहाटे अस्सी घाटावरून चालायला सुरुवात करा. इथे गंगा उत्तरेकडे वाहते, म्हणजे तुम्ही प्रवाहाच्या दिशेने चालत असता आणि सूर्य उजव्या हाताला, पलीकडच्या मोकळ्या वाळूवर उगवतो. चहाच्या कुल्हडांचा वास, तालमीतली पोरं, पाण्यात उभे राहून अर्घ्य देणारे लोक. वाराणसीत 84 घाट आहेत असं सांगतात. त्यातल्या फक्त दोन घाटांवर प्रेतं जळतात, हरिश्चंद्र आणि मणिकर्णिका.

अस्सीहून निघालात की आधी हरिश्चंद्र घाट लागतो. आपल्याकडे स्मशान गावाबाहेर असतं. इथे ते गावाच्या पोटातच आहे. एका बाजूला चिता, दोन पावलांवर चहाची टपरी, मध्येच फुलांच्या माळा खाणारी शेळी. चितेची लाकडं रचण्याचं आणि आग देण्याचं काम पिढ्यानपिढ्या डोम समाजाकडे आहे. अख्खी काशी ज्यांच्या हातून आग घेते, त्याच लोकांना गावाने शतकानुशतकं अस्पृश्य मानलं.

घाटाच्या नावाची गोष्ट तुम्ही लहानपणी ऐकली असेल. विश्वामित्राची दक्षिणा फेडण्यासाठी राजा हरिश्चंद्राने स्वतःला याच नगरीत विकलं आणि तो स्मशानात राबू लागला. एके दिवशी तारामती सर्पदंशाने गेलेल्या रोहिदासाला घेऊन आली. समोर स्वतःचं मूल, आणि हा तिच्याकडे स्मशानाचा कर मागतोय. दादासाहेब फाळके यांनी 1913 साली पहिला भारतीय कथापट काढला तो याच गोष्टीवर, आणि रोहिदासाचं काम केलं होतं त्यांच्याच मुलाने, भालचंद्रने.

पुराणात शेवटी देव येतात. रोहिदास उठून बसतो.

दीपकची अंगठी

'मसान'मधला दीपक अशाच एका डोम कुटुंबातला मुलगा. सिव्हिल इंजिनिअरिंग शिकतोय, घाटावरून बाहेर पडायचं ठरवलंय. दुर्गापूजेच्या जत्रेत त्याला शालू भेटते. वरच्या जातीची, शेरोशायरीत रमणारी. त्याला तिच्या कवितांतलं फारसं कळत नाही, पण तिने बोलत राहावं असं वाटतं. तो कुठे राहतो, घरचे काय काम करतात, हे तिला कळल्यावरही ती त्याच्यासोबत उभी राहायला तयार असते.

मग शालू घरच्यांसोबत यात्रेला जाते. बसला अपघात होतो. त्या रात्री घाटावर एकापाठोपाठ एक प्रेतं येतात, दीपक नेहमीच्या सवयीने हात चालवत असतो, आणि एका हातातली अंगठी त्याला ओळखू येते.

हरिश्चंद्राचीच ही गोष्ट, फक्त इथे देव येत नाहीत.

मला वाटायचं, जो रोज मरण पाहतो त्याला त्याची सवय होत असेल. 'मसान' सांगतो की दुसऱ्यांच्या मरणाची सवय होते, आपल्या माणसाच्या मरणाची होत नाही. दीपक मित्रांमध्ये बसून धाय मोकलून रडतो. दुःख संपत का नाही, हा त्याचा साधा प्रश्न असतो आणि मित्रांकडे उत्तर नसतं. ते त्याला फक्त धरून बसतात.

पुढे एकदा तो शालूची अंगठी गंगेत भिरकावतो. सोडून दिलं, संपलं. आणि दुसऱ्याच क्षणी तिला शोधायला पाण्यात उडी घेतो. अंगठी हाती लागत नाही.

हरिश्चंद्र घाटाच्या पायऱ्यांवर बसून मी हा प्रसंग आईला सांगितला. तिने सिनेमा पाहिलेला नाही. ती बराच वेळ पाण्याकडे बघत राहिली, मग म्हणाली, "टाकायला नको होती. पण टाकल्याशिवाय कळलं नसतं त्याला."

देवीला कोण भेटायला येणार?

सिनेमातलं दुसरं दुःख अधिक अवघड आहे, कारण त्याला समाजात जागाच नाही.

देवी आणि पीयूष एका हॉटेलच्या खोलीत भेटतात. पोलिसांची धाड पडते आणि बदनामीच्या भीतीने पीयूष आयुष्य संपवतो. देवी ना त्याची बायको, ना नातेवाईक. आपल्याकडे कुणी गेलं की लोक भेटायला येतात, शेजारून पिठलं-भात येतो, दहाव्याला कावळ्याची वाट बघतात. हे सगळं कंटाळवाणं वाटतं खरं, पण त्यातून गेलेल्याच्या माणसाला एक गोष्ट मिळते : रडायची परवानगी. देवीला ती कुणी देत नाही. तिच्या वाट्याला येतात टोमणे, बदलाव्या लागणाऱ्या नोकऱ्या आणि पैशासाठी धमकावणारा इन्स्पेक्टर.

तुमच्या आसपासही अशी माणसं असतील. गेलेल्याची जिवलग मैत्रीण, घटस्फोट झालेला नवरा, घरात तीस वर्षं स्वयंपाक केलेल्या मावशी. त्यांना भेटायला कुणी जात नाही.

देवीचे वडील विद्याधर पाठक एकेकाळी संस्कृत शिकवायचे, आता घाटावर पूजेचं सामान विकतात. बायको गेल्याला वर्षं लोटली, पण बापलेकीत तो विषय गाठ होऊन बसलाय. इन्स्पेक्टरचे पैसे भागवण्यासाठी ते झोंटा नावाच्या पोरावर पैजा लावू लागतात. घाटावरची पोरं बुडी मारून पाण्यातली नाणी काढतात, त्या पैजा. अशाच एका बुडीत झोंटाचा जीव जाता जाता वाचतो. त्याला गंगेत एक अंगठी सापडते, तीच. ती विकून विद्याधर शेवटचा हप्ता फेडतात. दीपकला हे कधीच कळत नाही. पण त्याने जे टाकलं, त्याने एक मुलगी मोकळी होते.

मराठी नावांच्या पायऱ्या

हरिश्चंद्र घाटावरून पुढे केदार घाट ओलांडून चालत राहिलात की ओळखीची नावं भेटू लागतात. अहिल्याबाई घाट, मग संध्याकाळच्या आरतीने गजबजणारा दशाश्वमेध, जो पेशव्यांच्या काळात बांधून काढला गेला. पुढे मणिकर्णिका आणि तिच्या पलीकडे शिंदे घाट, भोसले घाट. अहिल्याबाई होळकरांनी 1780 साली विश्वनाथाचं मंदिर पुन्हा उभं केलं, हे आपण शाळेत शिकतो. नवरा, सासरे, मुलगा अशी एकेक माणसं गमावलेली ती बाई होती, हे मात्र धड्यात एका ओळीत उरकतं. तिच्या घाटावर दोन मिनिटं थांबा. आम्ही थांबलो.

गाडी पकडायची ती प्रयागची

सिनेमाच्या शेवटी दीपक आणि देवी दोघंही बनारस सोडतात. दीपकला रेल्वेत नोकरी लागते, देवी शिकायला जाते. दोघंही इलाहाबादला, म्हणजे आताच्या प्रयागराजला. दोघांची अजून ओळखही नाही.

बनारसहून प्रयागराज साधारण सव्वाशे किलोमीटर. गाडीने दोन-तीन तास. खिडकीबाहेर सपाट शेतं आणि वीटभट्ट्या, बघण्यासारखं विशेष काही नाही. पण दुःखात असलेल्या माणसाला कधीकधी एवढंच लागतं, जागा बदलणं आणि कुणी ओळखत नसलेल्या गावात उतरणं.

देवी तिथे एक धाडस करते. पीयूषच्या आई-वडिलांच्या घरी जाते. तिथून तिला रडत बाहेर पडावं लागतं. पीयूषने दिलेली भेटवस्तू घेऊन ती नदीकाठी येते आणि पाण्यात सोडते. तिथेच बसलेला दीपक तिला रडताना पाहतो. तो विचारपूस करत नाही, समजूतही घालत नाही. पाण्याची बाटली पुढे करतो. एक नावाडी हाक मारतो, संगमावर येणार का? दोघं नावेत बसतात आणि बोलू लागतात. सिनेमा तिथे संपतो.

संगमावर

प्रयागराजला अकबराच्या किल्ल्याजवळून नावा सुटतात. हिवाळ्यात पाण्यावर परदेशातून आलेल्या सीगल पक्ष्यांचे थवे असतात, लोक त्यांना शेव घालतात. पुढे गेलात की पाण्याचे रंग वेगळे दिसू लागतात. यमुना हिरवट आणि खोल, गंगा मातकट आणि उथळ. तिसरी सरस्वती दिसत नाही, ती आहे असं मानायचं.

आमच्या नावेत इंदूरकडच्या एक काकू होत्या. त्यांनी आईच्या हातातला गडू पाहिला आणि विचारलं, "किसका है?" आईने मोडक्या हिंदीत सांगायला सुरुवात केली. ती पहाट, आजीच्या घशातली घरघर, गडूचं घट्ट बसलेलं झाकण, थरथरणारे हात. पाच महिने तिच्याच घरात राहून मी यातलं काही ऐकलं नव्हतं. खरं तर मी विचारलंच नव्हतं. मीही चौदाव्या दिवशी लॅपटॉपमागे जाऊन बसले होते.

तो गडू ती संगमात सोडणार आहे, असं मला वाटलं होतं. तिने तो भरून घेतला.

जाणार असाल तर

ऑक्टोबर ते मार्च हा काळ चांगला. पावसाळ्यात गंगा चढते, घाटांच्या पायऱ्या पाण्याखाली जातात आणि एका घाटावरून दुसऱ्यावर चालत जाता येत नाही. मुंबईहून महानगरी एक्स्प्रेस थेट वाराणसीला जाते. तिकीट काढताना स्टेशनचं नाव नीट बघा, कारण वाराणसी जंक्शन आणि बनारस ही दोन वेगळी स्टेशनं आहेत. संगमावर नावेचं भाडं बसण्याआधी ठरवा. घरातली मोठी माणसं सोबत असतील तर घाटावर पूर्ण चालण्याऐवजी अर्धं अंतर नावेने करा.

आणि एक विनंती. हरिश्चंद्र आणि मणिकर्णिका घाटांवर मोबाइल खिशात ठेवा. तिथे जे जळत असतं ते कुणाचं तरी माणूस असतं, आणि शेजारी उभा असलेला मुंडन केलेला मुलगा त्याच दिवशी पोरका झालेला असतो.

काशी दुःख काढून घेते असं ऐकून गेलात तर निराश व्हाल. दीपकचं दुःख काशीने घेतलं नाही, देवीचंही नाही. त्यांना शेवटी मिळालं ते एवढंच : शेजारी बसायला एक माणूस आणि प्यायला पाणी. तेवढं द्यायला बनारसला जावं लागत नाही. तुमच्या घरातही कुणीतरी एखादा रिकामा गडू रोज घासत असेल. त्यांना आज विचारा.