आम्ही तिघे

वसतिगृहाच्या एका खोलीत आम्ही चौघे राहत असू. त्यांतले आम्ही दोघे पुण्यात स्थिरावलो. उरलेले दोघे पुढे आयुष्यातून गळाले, असे आजवर सांगत आलो. 'गळाले' हा शब्द सोयीचा आहे. फळ पिकून गळते, त्यात दोष कोणाकडेच जात नाही. गेल्या डिसेंबरात एका जुन्या वहीत त्या दोघांचे पत्ते सापडले आणि साठी उलटल्यावर सुचणाऱ्या शहाणपणापैकी एक सुचून आम्ही गाडी काढली.

भोरहून वरंध घाटाची वाट धरली. नीरा-देवघरच्या जलाशयाला (पत्ते लिहिले तेव्हा तो नव्हता) वळसे घालीत रस्ता चढतो आणि कावळ्या किल्ल्याच्या खिंडीतून थेट कोकणात उतरतो. पहिल्या मित्राला आम्ही तेव्हापासूनच मास्तर म्हणत असू. त्याच्या वाडीतल्या घराला कुलूप होते. "गुरुजी आता म्हाडला ऱ्हातात," शेजारच्या आजी म्हणाल्या. जुलै २०२१ मध्ये जवळच्या तळियेवर दरड कोसळून ८०हून अधिक माणसे गेली. त्यानंतर मुलाने त्याला डोंगराखाली राहू दिले नव्हते.

महाडात मास्तर भेटला. तो खराच शिक्षक होऊन निवृत्त झाला होता. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी, हसणे, सगळे यथास्थित झाले. पुढे कोणाकडे निघालो ते सांगितल्यावर मात्र तो थांबून म्हणाला, "त्याच्या पत्राला उत्तर धाडलं होतंत का रे कधी?"

ते पत्र आम्हांला नीट आठवत होते. दुसरा मित्र कांदाटी खोऱ्यातला. कोयनेच्या धरणाचे पाणी साठच्या दशकात त्या खोऱ्यात शिरले, नदीकाठची भातखाचरे बुडाली आणि वर उरलेल्या गावांचा रोजचा रस्ताच पाण्यावरून सुरू झाला. तिथला कर्ता पुरुष मुंबईला असणे ही रीतच होती. मित्राचा भाऊ गिरणीत होता. १८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले आणि त्या घरची मनीऑर्डर थांबली. सुट्टीत गावी गेलेल्या मित्राने खोलीच्या पत्त्यावर लिहिले की परीक्षेची फी भरायला काही जमवता येईल का. आम्हां दोघांपैकी प्रत्येकाला वाटले, दुसरा पाहील. त्या महिन्यात आम्ही सिनेमे पाहिले नाहीत, असे नाही.

पोलादपूर, आंबेनळी घाट, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीची गर्दी हे सारे फारसे न बोलता ओलांडले. तापोळ्याला गाडी ठेवून लाँचने पलीकडे गेलो. घरी मित्राच्या वहिनी होत्या. भावोजी वाशीच्या बाजारात माथाडी होते, आता लेकाकडे असतात, जत्रेला येतात, असे त्यांनी सांगितले. चहा होईपर्यंत त्यांच्या नातवाने आम्हांला देवळामागच्या टेकाडावर नेले. मोबाइलला रेंज तिथेच येते.

आवाज ओळखू आला नाही, हे कबूल करतो. त्याने मात्र आमची टोपणनावे घेतली. आम्ही पत्राचा विषय काढायला चाचपडत होतो, तोच तो म्हणाला, "तुमची मनीऑर्डर मिळाली होती रे. फी भरली, पण परीक्षेला बसणं झालं नाही. पोच द्यायची राहून गेली, त्याची लाज वाटत आली."

आम्ही एकमेकांकडे पाहिले. कोणी पाठवली होती, असे विचारले.

"अक्षर मास्तरचं होतं. खाली लिहिलं होतं, आम्ही तिघे."

खाली पाण्यावरून एक लाँच जात होती. त्यातला खरा एकच, हे आम्ही त्याला तिथेच सांगितले. थोडा वेळ काही ऐकू आले नाही. रेंज गेली असावी असे वाटले. मग तो म्हणाला, "वहिनीच्या हातचं जेवून जा."

जेवलो. महाबळेश्वराहून पुण्याचा रस्ता वाईकडे उतरतो. आम्ही गाडी पोलादपूरकडे वळवली.