बंद पाकीट

त्याची खरी ओळख पुढून पटत नाही, मागून पटते. पाकिटाची पट्टी जिथे चिकटवतात तिथे विद्यापीठाचा गोल शिक्का असतो, अर्धा पट्टीवर, अर्धा खालच्या कागदावर. शेजारची सहीसुद्धा अशीच दोन्हीकडे गेलेली. वरून बहुधा पारदर्शक चिकटपट्टी. कोणी पट्टी उचकटली, तर शिक्क्याचे दोन अर्धे पुन्हा तंतोतंत जुळत नाहीत. बोईसरच्या एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला काम केलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. सील केलेल्या सॅम्पलच्या बाटलीसारखंच हे: माल ज्याचा, त्याला ती फोडायचा हक्क नसतो.

ह्या पाकिटाच्या पोटात ट्रान्सक्रिप्ट असतं, म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा विद्यापीठाने दिलेला एकत्र उतारा. परदेशी शिकायला जायचं म्हटलं, की पासपोर्ट, व्हिसा आणि विमानाचं तिकीट ही नावं घरातल्या लहान पोरालाही ठाऊक असतात. ट्रान्सक्रिप्टचं नाव फक्त जाणाऱ्याला माहीत असतं, आणि तेही बऱ्याचदा उशिरा कळतं.

स्वभावाने ते अबोल आणि ताठ आहे. ज्याच्याविषयी सगळं त्याच्या पोटात लिहिलेलं आहे, त्यालाच ते तोंड दाखवत नाही. माझ्या भाच्याचं पाकीट पाम गावातल्या घरी आलं तेव्हा पाऊस लागला होता. आमच्या किनाऱ्याकडच्या गावांत त्या दिवसांत कपाटातल्या कपड्यांनाही दमट वास येतो. ताईने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून लोखंडी कपाटात, सातबाऱ्याच्या फायलीवर ठेवलं. भाच्याच्या आजीला मात्र ते पटेना.

"अरे, तुझेच मार्क ना? मग उघडून बघ की."

"उघडलं की फुकट गेलं, आजी. तिकडे त्यांनीच फोडायचं असतं."

आजीने पाकीट मागून घेतलं, शिक्क्यावरून बोट फिरवलं. "म्हणजे तुझ्यावर भरवसा नाही त्यांचा."

"माझ्यावर कसा असेल? त्यांनी मला बघितलंय कुठे? विद्यापीठावर आहे. आणि विद्यापीठाने माझ्याबद्दल लिहिलंय."

इतका नेमका खुलासा मी कुठल्या माहितीपत्रकात वाचलेला नाही. परदेशी शिक्षणाची सगळी व्यवस्था ह्याच भरवशावर उभी आहे. इकडचा परीक्षा विभाग आणि तिकडचा प्रवेश विभाग एकमेकांना जन्मात भेटत नाहीत. त्यांच्यात बोलणं होतं ते एवढ्याच कागदावर. म्हणून हा कागद मुलाच्या हातातून गेला तरी मुलाचा हात त्याला लागलेला नाही, याची खात्री दोन्हीकडच्यांना हवी असते.

पाकीट जन्माला येतं तेही सहजासहजी नाही. सहा सेमिस्टरच्या गुणपत्रिका, पदवीची प्रत, अर्ज आणि भरलेल्या शुल्काची पावती द्यायची. परीक्षा विभागात जुनी नोंद काढून गुणपत्रिकेशी ताडून बघतात आणि मगच कागद छापला जातो. मुंबई विद्यापीठाचा परीक्षा विभाग कलिन्याला, महात्मा जोतिराव फुले भवनात आहे. पामच्या मुलाने रिक्षाने बोईसर स्टेशन गाठायचं, विरारला गाडी बदलायची, सांताक्रूझला उतरून बस पकडायची. एप्रिल 2013 मध्ये डहाणूपर्यंत लोकल आली तेव्हापासून हा प्रवास थोडा सोपा झाला. पण जव्हार-मोखाड्याच्या पोराला आधी डोंगर उतरून स्टेशन गाठावं लागतं, हे विसरता येत नाही. एखादी प्रत कमी पडली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच रस्ता.

पाकीट प्रामाणिक आहे, अगदी निष्ठुर वाटावं इतकं. कोणता पेपर, किती क्रेडिट, कोणती श्रेणी आणि कितव्या प्रयत्नात, सगळं ओळीने सांगतं. तिसऱ्या सेमिस्टरला ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एटीकेटी लागली असेल तर तीही. त्या महिन्यात वडिलांची कंपनी बंद पडली होती की मुलगा रात्रपाळी करून परीक्षेला बसत होता, हे मात्र त्याला ठाऊक नसतं. ते सांगायचं काम शिफारसपत्राचं आणि विद्यार्थ्याने स्वतः लिहायच्या निवेदनाचं. आमच्याकडची मुलं त्या निवेदनात कुठून तरी उचललेली मोठमोठी वाक्यं घालतात आणि रात्रपाळीचं लिहायचं राहून जातं. मला याचं फार वाईट वाटतं. पाकीट जे सांगू शकत नाही, नेमकं तेच लिहायची ती जागा असते.

तिकडे पोचल्यावर पाकिटाची भाषा बदलावी लागते. युरोपात एका वर्षाचा अभ्यास 60 क्रेडिटचा धरतात, तीन वर्षांच्या पदवीचा 180 चा. अमेरिकेत पदवी चार वर्षांची, म्हणून आपल्या तीन वर्षांच्या बी.एस्सी.कडे काही विद्यापीठं अजूनही शंकेने बघतात. जर्मनीत गुणांचा क्रमच उलटा आहे: 1 सर्वांत चांगला आणि 4 जेमतेम पास. दहापैकी नऊ सीजीपीए असेल आणि पास होण्याची रेषा चारवर धरली, तर त्यांच्या सूत्राने 1.5 येतात. तो आकडा पहिल्यांदा बघून घरातली माणसं घाबरतात. 2022 च्या नोव्हेंबरपासून जर्मनीला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांना एपीएस नावाच्या कार्यालयाकडून कागदपत्रं तपासून घेऊन दाखला मिळवणंही सक्तीचं झालं. अमेरिका-कॅनडासाठी वर्ल्ड एज्युकेशन सर्व्हिसेससारख्या संस्था असंच मूल्यमापन करून देतात. सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच: कागद थेट विद्यापीठाकडून आला का?

अशा नोंदीचं मोल किती, हे एका माणसाच्या नोंदीवरून मला पटलं. 1913 साली मुंबई विद्यापीठाची बी.ए. पदवी आणि बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती, आणि परतल्यावर दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायचा करार होता. त्या तीन वर्षांत त्यांनी काय केलं, हे कोलंबियाच्या दप्तरातल्या नोंदीवरून आज आपल्याला कळतं. अर्थशास्त्राचे 29 अभ्यासक्रम, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा एकेक. एकूण 60. हे वाचताना अंगावर काटा येतो. कुणी कितीही थोरवी गायली तरी त्या माणसाचे कष्ट इतके स्वच्छ दिसणार नाहीत, जितके ह्या रुक्ष यादीत दिसतात. कारकुनाने आपलं काम चोख केलं, कागद जपला, म्हणून शंभर वर्षांनी ते आपल्यापर्यंत पोचलं.

आंबेडकरांच्या तीस वर्षं आधी, 1883 मध्ये, आनंदीबाई जोशी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. त्यांचं माहेर कल्याणचं, म्हणजे आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्यातलं. त्यांच्यापाशी कुठल्याही विद्यापीठाचं पाकीट नव्हतं. स्वतःच्या हाताने लिहिलेलं पत्र होतं, आणि ते वाचून विश्वास ठेवणारी माणसं तिकडे होती. 1886 च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. एका मुलीपुरतं हे जमलं. दरवर्षी हजारो मुलं जातात तेव्हा संस्थांना पाकीटच लागतं.

काही वेळा पाकीट उलट दिशेनेही प्रवास करतं, आणि तेव्हा त्याचं काम जास्त नाजूक असतं. मुलगा कायमचा जात नाही, एक सेमिस्टर किंवा वर्षभर जातो आणि परत येऊन इथेच पदवी घेतो. अमेरिकेत ह्याची सुरुवात 1923 मध्ये डेलावेअर विद्यापीठाने आठ विद्यार्थी फ्रान्सला पाठवून केली. पुण्यात 1969 मध्ये अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या कॉलेजांच्या संघाचा असाच कार्यक्रम चालू झाला. ती मुलं मराठी कुटुंबांत राहिली, मराठी शिकली, आणि इथल्या अभ्यासाचे गुण त्यांच्या कॉलेजात जमा झाले. हे सुरळीत व्हायचं तर जाण्याआधीच ठरावं लागतं: तिकडचा कोणता विषय इकडच्या कोणत्या विषयाच्या जागी धरायचा, फी कुठे भरायची, परतल्यावर श्रेणी कशी लावायची. चांगल्या संस्था हे लिहून घेतात. विद्यार्थी, पाठवणारं कॉलेज आणि घेणारं कॉलेज, तिघांच्या सह्या. फी बहुतेक वेळा आपल्याच कॉलेजात भरायची आणि तिकडचं कॉलेज माफ करतं, कारण त्यांचाही एक विद्यार्थी कधीतरी इकडे यायचा असतो. हे आधी ठरवलं नाही, तर परत आलेल्या मुलाचं पाकीट कोणी फोडायचं यावरूनच महिने जातात.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने 2022 मध्ये यासाठी नियम केले. परदेशी विद्यापीठाबरोबर जोडकार्यक्रम, संयुक्त पदवी आणि दुहेरी पदवी असे तीन प्रकार. जोडकार्यक्रमात तिकडे मिळवलेली क्रेडिट एकूण क्रेडिटच्या 30 टक्क्यांपर्यंत धरता येतात. नियम चांगले आहेत. पण त्यासाठी संस्थेचं नॅक मूल्यांकन 3.01 तरी हवं, किंवा राष्ट्रीय क्रमवारीत पहिल्या शंभरात नाव हवं. गावाकडच्या मुलाचं कॉलेज त्यात बसत नसेल, तर त्याने स्वतःच पाकीट घेऊन निघायचं. आणि मग पैशांचा प्रश्न येतो. जर्मनीच्या व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे पैसे ब्लॉक्ड खात्यात दाखवावे लागतात; 2025 मध्ये ते 11,904 युरो होते. पालघरसारख्या आदिवासी जिल्ह्यात एवढी रक्कम किती घरांत निघेल? राज्याच्या सामाजिक न्याय विभागाची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती आहे, आदिवासी विकास विभागाची आहे, केंद्राचीही आहे. ह्या शिष्यवृत्त्या नामांकित परदेशी विद्यापीठातला प्रवेश मागतात, आणि प्रवेश पाकीट मागतो. मुलगी हुशार असून शेवटच्या तारखेला पाकीट हातात नसेल, तर तिची शिष्यवृत्ती दुसऱ्याला जाते.

पाकिटाचे दिवस आता भरत आले आहेत हेही खरं. अनेक विद्यापीठं ट्रान्सक्रिप्ट थेट ईमेलने पाठवतात. 2021 मध्ये सुरू झालेल्या अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये विद्यार्थ्याची क्रेडिट जमा होतात. कागदाचं पाकीट गेलं तरी मला दुःख नाही. पामहून कलिन्याची एक खेप वाचली तर आनंदच आहे. पण शिक्क्याच्या जागी काहीही आलं तरी आतला मजकूर कॉलेजातच तयार होतो, आणि तो नीट तयार झाला नाही तर संगणक काय करणार?

म्हणून पालघर, बोईसर, डहाणू, जव्हारच्या कॉलेजांकडे माझं एक मागणं आहे. ऑफिसात आठवड्यातला एक दिवस एका माणसाने ह्याच कामासाठी बसावं. अर्ज तपासावेत, प्रती पुऱ्या आहेत का ते बघावं, आणि आठ-दहा मुलांचे अर्ज एकत्र करून कलिन्याला न्यावेत. आणि पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या मुला-मुलींनो, ह्या वर्षीच्या प्रत्येक विषयाच्या अभ्यासक्रमाची छापील प्रत आजच घ्या, त्यावर विभागप्रमुखांची सही आणि शिक्का घ्या. तुम्ही नेमकं काय शिकलात हे तिकडचे प्राध्यापक विचारतात, आणि तीन वर्षांनी अभ्यासक्रम बदललेला असतो.