नावडीचें व्याकरण

परभाषेंत आवड सांगतांना चुकलें तर लोक हसतात. नावड सांगतांना चुकलें तर माणसें तुटतात. आम्ही हें अनुभवानें शिकलों.

१९२३ सालीं किंग एडवर्ड कॉलेज म्हणून निघालेल्या व पुढें विदर्भ महाविद्यालय झालेल्या अमरावतीच्या संस्थेंत आमचा एक जिवलग मित्र होता. शिक्षण संपल्यावर तो अकोल्यास गेला आणि आमचा पत्रव्यवहार, त्या वयाच्या ऐटीस शोभेल असा, इंग्रजींत सुरू झाला. एकदां आमची अडचण कळतांच त्यानें पैसे देऊं केले. 'मित्राची मदत घेणें आवडत नाहीं,' एवढेंच आम्हांस लिहावयाचें होतें. पण 'डिस्लाइक' फिकें वाटलें, आणि 'तिटकारा' शोधतां कोशांत हातीं लागलेलें 'डिस्पाइज' हें भारदस्त क्रियापद आम्हीं योजिलें. उत्तर आलें नाहीं.

मोल्सवर्थ-कँडींचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ सालीं निघाला. तेव्हांपासून आपणांस कोशांची वाण नाहीं. पण कोश शब्दाचा अर्थ देतो, वजन देत नाहीं. 'डिस्लाइक' सौम्य, 'हेट' तीव्र, 'डिटेस्ट' त्याहून जहाल, 'लोद' म्हणजे किळस. आणि 'डिस्पाइज' म्हणजे तुच्छ लेखणें! 'हेट'पुढें 'टु गो' व 'गोइंग' दोन्ही चालतात. 'डिस्लाइक' व 'डिटेस्ट' यांपुढें 'गोइंग'च शोभतें. 'आय ॲम हेटिंग' असेंही इंग्रज सहसा म्हणत नाहीं. नावड ही त्याच्या मतें मनाची स्थिति आहे, चालू क्रिया नव्हे.

हे नियम पाठ होतात. खरी अडचण निराळी आहे. आपल्याकडे कंटाळा 'येतो', किळस 'येते', वीट 'येतो'. आपण 'मला', वऱ्हाडांत 'मले', म्हणून चतुर्थींत अंग चोरून बसतों. जुन्या इंग्रजींतही आवडीची रचना अशीच होती. पुढें ती लोपली. आतां तेथें 'आय' कर्ता होऊन पुढें बसतो आणि नावडीचें सारें उत्तरदायित्व त्याच्या माथीं येतें.

कित्येक वर्षांनीं मित्र अकोल्यास भेटला. म्हणाला, "लेका, मदत नको होती तर नको म्हनाचं, तुच्छ काहून म्हटलं?"

आम्हांस कोणत्याच भाषेंत उत्तर सुचलें नाहीं. त्यानें मात्र हात धरून जेवावयास नेलें.

तेव्हांपासून नकार द्यावयाचा तो आम्ही मराठींत देतों; इंग्रजींत द्यावाच लागला, तर 'डिस्लाइक' पुरे होतें.