मोरजीची वाळू आणि शिकाऊ यंत्रं

गोव्यातल्या मोरजीच्या किनाऱ्यावर लाल बावटा असला की पाण्यात उतरायचं नाही, लाल-पिवळ्या दोन बावट्यांच्या मधे पोहायला मुभा. हे लहान पोरालाही कळतं. यंत्र किती सोपं असावं, याचं माझं माप हेच.

*

फेब्रुवारी 2023 मध्ये, किनाऱ्यांवर जीवरक्षक पुरवणाऱ्या दृष्टी मरीनने गोव्यात दोन यंत्रणा आणल्या. मिरामारला ‘ऑरस’, आपणहून गस्त घालणारा रोबो. आणि ‘ट्रायटन’, कृत्रिम बुद्धिमत्तेची देखरेख. तिच्या सुरुवातीच्या जागांत बाणावली, बायणा यांच्यासोबत मोरजीही होतं. मनाईच्या पट्ट्यात कोणी शिरलं की पर्यटकाला इशारा, जवळच्या जीवरक्षकाला खबर. मला ही कल्पना मनापासून पटते.

*

पण पट्टा कुठून कुठवर? इथे शापोरा नदीचं मुख आहे, पावसाळ्यानंतर वाळूचे दांडे जागा बदलतात. आत खेचणारी ओढ कुठे आहे ते जीवरक्षक पाण्याच्या गडद रंगावरून, न फुटणाऱ्या लाटांवरून ओळखतो. प्रोग्रॅमिंग त्याला कशाला यायला हवं? पडद्यावर बोटाने रेघ ओढून ‘आज इथपासून इथपर्यंत’ एवढं सांगता आलं की पुरे.

*

रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून रापण हे मोठं जाळं ओढणारे मच्छीमार. जाळं ओढताना ही माणसं कंबरभर पाण्यात असतात. यंत्र त्यांच्यासाठीही ओरडत राहिलं तर दोन दिवसांत कोणी त्याच्याकडे लक्ष देणार नाही. म्हणून ‘हे रापणकार आहेत’ असं सांगणारं एक ठसठशीत बटण हवं. त्यावरून यंत्र काय शिकलं, हेही त्याने साध्या मराठी-कोंकणीत दाखवावं: ‘जाळ्यापाशी दिसणारी माणसं आता मी सोडून देतो.’ हे वाचलं तरच जीवरक्षकाला कळेल की जाळ्याजवळ पोहणारा पर्यटकही नजरेतून सुटतोय, आणि तो लगेच म्हणेल, ‘नाही, एवढं शिकू नको.’ आपोआप शिकणाऱ्या यंत्रांत मला सगळ्यात मोलाची वाटते ती ही सोय, आणि तिचाच विचार सगळ्यात शेवटी होतो.

*

हिवाळ्यात रात्री मोरजीच्या टेंबवाड्याला ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. उजेडाने बिचकतात. तिथे यंत्र आलंच, तर त्याचा दिवा विझवायची कळ राखणदाराच्या हाताशी असावी.

*

कासवावरून आठवलं. 1967 मध्ये सेमूर पॅपर्ट आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी ‘लोगो’ ही प्रोग्रॅमिंगची भाषा केली. पुढे तिच्या हुकमावर जमिनीवर फिरणारा रोबो आला, त्याचं नावच कासव. चौकोन काढताना अडलं की मुलाने स्वतः उठून चालून बघायचं: पुढे, वळ, पुढे, वळ.

गोव्यात सहावी ते आठवीला आता कोडिंग-रोबोटिक्स आहे. मोरजीच्या पेडणे तालुक्यातल्या एखाद्या वर्गाला विचारावं: रापणकार आणि पर्यटक यांतला फरक रोबोला कसा सांगाल? घरी कोणी रापणीवर गेलेलं असेल, तर त्या पोराने आधी आजोबांना विचारून यावं.