बायोलॉजी, रात्री साडेदहानंतर

आम्हा आयटीवाल्यांना ऑनलाइन शिकण्याचं फारसं कौतुक उरलेलं नाही. नवीन काही आलं की शनिवारी दोन व्हिडिओ बघायचे, चार ओळी लिहायच्या, चालवून बघायच्या. चुकलं तर कॉम्प्युटर लगेच बोंबलतो. त्यामुळे साताऱ्याची भाची जेव्हा "मामा, मी ऑनलाइन बायोलॉजी करतेय" म्हणाली, तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारला, की तुझं चुकलं तर बोंबलणार कोण?

ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, केमिस्ट्री घेऊन. अकरावीत गणित ठेवलं आणि बायोलॉजी सोडली (घरात एक इंजिनियर मामा असला की हे असं होतं म्हणे!). आता डॉक्टर व्हायचंय. अमेरिकेत यात काही विशेष नाही. तिकडे आधी चार वर्षांची पदवी, त्यातच बायोलॉजी-केमिस्ट्री-फिजिक्सचे ठरावीक कोर्स, मग एमकॅट, मग मेडिकल. राहिलेला एखादा विषय सुट्टीत ऑनलाइन उरकणारी मुलं तिकडे असतात. तो धरायचा की नाही हे प्रत्येक मेडिकल स्कूल आपापलं ठरवतं. आपल्याकडे बारावी, नीट आणि थेट एमबीबीएस. म्हणजे सोळाव्या वर्षी फॉर्मवर केलेली एक खूण जन्माची.

जुन्या मेडिकल कौन्सिलच्या १९९७ च्या नियमांत अकरावी-बारावी दोन्ही वर्षं बायोलॉजी, प्रॅक्टिकलसकट, रीतसर कॉलेजात बसून केलेली लागायची. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सांगितलं, की बारावी झाल्यावर जादा विषय म्हणून मान्यताप्राप्त बोर्डाची बायोलॉजी दिली तरी नीटला बसता येईल. वरची वयोमर्यादा त्याआधीच, २०२२ मध्ये गेली होती. झालं, भाचीने एनआयओएसला, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयात, एकट्या बायोलॉजीसाठी नाव घातलं. धडे 'स्वयम्'वर फुकट आहेत. ही सरकारी साइट २०१७ मध्ये सुरू झाली, आणि आमच्यासारख्यांनी तिथे फक्त प्रोग्रॅमिंगचे कोर्स बघितले!

मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट वाटते ती ही, की तिला बी.एस्सी. सोडावं लागलं नाही. ताईचं आणि भावजींचं म्हणणं सरळ होतं: एक वर्ष गॅप, लातूर नाहीतर कोट्याचा क्लास, होस्टेल, आणि एवढं करून नंबर लागला नाही तर? घरात धाकटा अजून शाळेत आहे. आता दिवसा कॉलेज, संध्याकाळी दोन शिकवण्या, आणि रात्री साडेदहानंतर बायोलॉजी. नीटच्या ७२० पैकी ३६० गुण या एका विषयाचे, त्यामुळे हा काही फावल्या वेळचा छंद नाही. व्हिडिओ थांबवता येतो, मागे नेता येतो. नेफ्रॉन तिने सात वेळा पाहिला म्हणे. वर्गात सरांना सातव्यांदा विचारायची कुणाची छाती होते?

पण माझा प्रश्न तसाच राहिला होता. व्हिडिओ बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, हा अनुभव मलाही आहे. पन्नास प्रश्नांच्या चाचणीत पंचेचाळीस बरोबर येतात. चित्रातल्या हृदयाची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला असते, इथपर्यंत ठीक. एनआयओएसच्या बायोलॉजीत ८० गुण लेखी आणि २० प्रॅक्टिकल. पुष्कळ पोरं या वीसांकडे 'मिळून जातात' म्हणून बघतात. (पूर्वीचं तरी काय होतं म्हणा! आमच्या वेळी बेडूक फाडायचे, आणि त्यातून किती जण काय शिकले ते मला माहीत आहे. २०१४ मध्ये यूजीसीने प्राण्यांची चिरफाड बंद करायला सांगितली. त्याचं मला दुःख नाही.)

बोंबलणारं माणूस सांगलीत निघालं. तिची आत्या. विश्रामबागला राहते, मिरजेत एका हॉस्पिटलमध्ये वीस वर्षं सिस्टर आहे. मिरज म्हणजे तसं दवाखान्यांचंच गाव, वॉन्लेस साहेबाच्या मिशन हॉस्पिटलपासून. सरकारी मेडिकल कॉलेजही तिथे १९६२ पासून आहे, साताऱ्याला ते यायला २०२१-२२ ची तुकडी उजाडली. तर भाची महिन्यातून एका शनिवारी कोयना एक्सप्रेसने सांगलीला जाते. डाउनलोड केलेले धडे कराडपर्यंत बघते, पुढे झोपते.

आत्याने पुस्तक बाजूला ठेवायला लावलं. शेजारच्या चार म्हाताऱ्यांची नाडी मोज, पूर्ण मिनिटभर, पंधरा सेकंद गुणिले चार चालणार नाही. बीपी घे, मग मी घेते, फरक किती आला ते लिही. पहिल्या दिवशी फरक वीसचा होता. "आत्या, मशीन बिघडलंय." "मशीनला काही झालं नाही गं, तू पट्टा स्वेटरवरून बांधलायस."

घरात आत्याच्या सासूबाई आहेत. मधुमेह जुना, पायाला जखम, एक दिवसाआड ड्रेसिंग. इन्सुलिन, स्वादुपिंड, बीटा पेशी, सगळ्या प्रश्नांची उत्तरं भाचीला पाठ. गेल्या महिन्यात आत्या म्हणाली, टॉर्च धर. गॉज सुटला आणि वास आला. भाची उठून मोरीपाशी गेली, तोंडावर पाणी मारलं, पाच मिनिटं तिथेच उभी राहिली. आत्याने हाक मारली नाही, की समजूतही काढली नाही. टॉर्च स्टुलावर टेकवून काम चालू ठेवलं. मग भाची परत आली, टॉर्च उचलला आणि पट्टी बांधून होईस्तोवर धरून बसली. आजी म्हणाल्या, "अगं, जरा इकडं धर, तिला दिसत नाही."

हे तिने मला फोनवर सांगितलं. मी विचारलं, मग काय ठरलं? म्हणाली, ठरलं काही नाही, प्रॅक्टिकलची तारीख आलीय, आणि मामा, तू पुण्याहून येताना एक बरं स्टेथोस्कोप आण.

किमती बघून ठेवल्यात. आमच्या कीबोर्डपेक्षा स्वस्त आहे.