माथ्यावरचे चर

पावसाळा सरत आला होता. मंडळीच्या तरुण संघातली मुले-मुली, पाळकसाहेब आणि संडे स्कूल घेणारी मी, असे अहिल्यानगरहून सकाळीच निघालो. जायचे होते संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीला. उपकारस्तुतीच्या सणाला आम्ही वेदीपुढे बाजरीची कणसे, भोपळे, ऊस मांडतो. ते सारे ज्या मातीतून येते तिच्याकडे एकदा नीट पाहावे, मग सण करावा, असे यंदा ठरले.

राहुरीला चहासाठी थांबलो. रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई या गावी राहिलेले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या टिळकांनी ख्रिस्त सांगायला अभंग आणि कीर्तन हाती घेतले, कारण इथल्या माणसाचे मन कशाने भिजते हे त्यांना ठाऊक होते. “बी टाकायच्या आधी जमीन ओळखणारा माणूस,” पाळकसाहेब म्हणाले. मला हे वाक्य दिवसभर पुरले.

कोल्हार सोडून लोणीचा रस्ता धरला आणि दोन्ही बाजूंना ऊस सुरू झाला. भंडारदऱ्याचे धरण १९२६ साली पूर्ण झाले. त्याच्या कालव्यांनी प्रवरेचा काठ असा हिरवा केला. पुढे इथेच प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला. मुले खिडकीतून फोटो काढत होती. पण संगमनेर मागे टाकून मोठा रस्ता सोडला तसा हिरवा रंग विरळ झाला. कालवा इथवर येत नाही. सह्याद्री बहुतेक पाऊस पश्चिमेलाच अडवून ठेवतो. या भागात पडतो तो थोडा, आणि एकदा पडला की उतारावरून माती घेऊन धावत सुटतो.

दरेवाडीला आम्ही ज्यांचे काम पाहायला निघालो होतो ते हर्मन बाखर हे स्वित्झर्लंडमधले जेझुईट धर्मगुरू. १९४८ साली ते भारतात आले आणि नगर जिल्ह्यातल्या अवर्षणग्रस्त गावांत त्यांनी आयुष्य घातले. १९७२ चा दुष्काळ त्यांनी याच मुलखात पाहिला. पुढे भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम त्यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला. जर्मनीचा निधी, नाबार्डची साथ आणि गावकऱ्यांचे श्रम. २०२१ साली ते वारले. आम्ही प्रॉटेस्टंट मंडळीची माणसे एका कॅथलिक फादरांचे काम पाहायला निघालो आहोत, याचा मला मनापासून आनंद वाटत होता. पाण्याच्या कामात पंथ मागे पडतात.

दरेवाडीत नव्वदच्या दशकात हे काम झाले. त्याआधी उन्हाळ्यात टँकरची वाट पाहायची आणि रोजगारासाठी गाव सोडायचे, असा तिथला परिपाठ. गावातल्या एका वयस्कर बाबांनी आम्हांला डोंगरावर नेले. खालच्या ओढ्यावर बंधारा दिसत होता, मुलांना तोच आधी पाहायचा होता. बाबा म्हणाले, “आधी वर चला. पाणी कुठून येतं ते बघा, मग कुठं साठतं ते बघू.”

या कामाचा नियमच ‘माथा ते पायथा’. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर. पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांची पातळी जुळवायची आणि त्या रेषेवर खणत जायचे, म्हणजे पाणी कुठल्याच बाजूला पळत नाही, आहे तिथे मुरते. चराच्या खालच्या अंगाला निघालेल्या मातीचा वरंबा, त्याच्यावर झाडे. मग उतारावर दगडी बांध, शेतांना बांधबंदिस्ती आणि सगळ्यांत शेवटी ओढ्यातला बंधारा. बंधारा आधी बांधला तर दोन पावसाळ्यांत तो गाळाने भरून जातो.

मी चराच्या काठावर बसून राहिले. हा चर ज्यांनी खणला त्यांना इथे प्यायला घोटभरही पाणी मिळाले नसेल. इथे मुरलेले पाणी कित्येक महिन्यांनी खालच्या कुणाच्या तरी विहिरीत उतरते, आणि त्या विहिरीच्या मालकाला ते कुणाच्या घामाचे ते कळायचेही नाही. प्रार्थना मला इतकी स्पष्ट कधी दिसली नव्हती. आपण आपल्या श्रद्धेचे बंधारे बांधतो: सभा, शिबिरे, मोठे मंडप. एकांतात गुडघे टेकणे, शास्त्र वाचत थांबणे, हे माथ्यावरचे काम कुणाला दिसत नाही, म्हणून ते राहून जाते आणि बंधारा गाळाने भरतो.

या कामासाठी मोकळ्या चराईवर बंदी आली तेव्हा मेंढरेवाल्यांना फार जड गेले, हेही बाबांनी सांगितले. गावाला त्यासाठी पुष्कळ बैठका घ्याव्या लागल्या. ज्याचे पोट मेंढरांवर त्याला ‘थांब’ म्हणणे सोपे नसते. त्याच्याजवळ बसून त्याचे ऐकावे लागते. “बंदी झाल्यावर पहिल्यांदा काय उगवलं?” एका मुलीने विचारले. “गवत,” बाबा म्हणाले. “झाडं मागनं आली. गवतानं माती धरली म्हणून आली.”

पेरणाऱ्याचा दाखला मी कितीतरी वर्षे शिकवते आहे. वाट, खडक, काटे आणि चांगली जमीन. मुले चित्रे रंगवतात आणि कुठली जमीन वाईट ते बोटाने दाखवतात. आज मी ज्या उतारावर उभी होते तो खडकाळच होता. लोकांनी त्याच्यावर टिकाव चालवला, पावसाला थांबवले, गुरे वळवली, आणि त्या खडकावर पवना गवत डोलत होते. खडकाळ म्हणून सोडून दिलेल्या माणसांची मला आठवण झाली. पत्रके वाटून आपण पुढे जातो आणि ती जमीन तशीच राहते. सुवार्ता सांगणाऱ्याने तिथे मुक्काम करावा, त्या घरचे आजारपण, कर्ज, पाणी यांत हात घालावा, आणि त्या बदल्यात काही मागू नये, असे मला ठामपणे वाटते. बाखर यांच्या कामात चर खणणाऱ्याला कुणी धर्म विचारला नाही. माझ्या लेखी ते ख्रिस्ताचेच काम आहे.

उतरताना पाळकसाहेबांनी एका चराकडे बोट दाखवले. तो गाळाने जवळजवळ सपाट झाला होता. “साफ करायला पाहिजे,” बाबा म्हणाले, “पण पोरं कामाला शहरात.” तरुण संघाच्या सेक्रेटरीने लगेच विचारले, केव्हा यायचे. “अक्षय तृतीया झाली की या. ऊन कडक असतंय, पण पावसाआधी उरकलं पाहिजे. जेवण आम्ही घालू. टिकाव-घमेली तेवढी तुमची आणा.”

परतीच्या वाटेवर मुलांनी कुणाकुणाच्या घरी टिकाव आहे त्याची यादी केली.