दर दोन तासांनी

दादाला दवाखान्यातून सोडलं तेव्हा बिलं, रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्यांनी फाइल फुगली होती. पुढची चाळीस वर्षं कशी काढायची, हे त्यातल्या एकाही कागदावर नव्हतं.

दादा माझा चुलतभाऊ. चिपळूणजवळच्या आमच्या गावी आंबे काढताना झाडावरून पडला. मज्जारज्जूला मार बसला. कमरेखाली हालचाल नाही, संवेदना नाही. ऑपरेशननंतर सगळे म्हणाले, "वाचला!" मी पुण्याला येऊन पुन्हा लॉगिन केलं.

सॉफ्टवेअर लाइव्ह गेल्यावरच खरं काम सुरू होतं, हे मी ज्युनियरना रोज सांगतो. दादाच्या बाबतीत मात्र विसरलो.

एका जागी बसून रग लागली की आपण नकळत हलतो. दादाचं शरीर तो निरोप पाठवतच नाही. दाबाखाली रक्तपुरवठा थांबतो, मांस मरतं, जखम होते. म्हणून खुर्चीत असताना थोड्या थोड्या वेळाने हातांवर अंग उचलायचं. पलंगावर दर दोन तासांनी कूस बदलायची. रात्रीसुद्धा.

हा काही नवा शोध नाही. 1944 मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे डॉ. लुडविग गुटमन यांनी हाच नियम कडकपणे पाळायला लावला. त्याआधी असे बहुतेक रुग्ण याच जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने दगावत. पॅरालिम्पिकचं मूळही त्याच वॉर्डात आहे. पण खेळाच्या आधी कूस होती.

मी दोन रविवार बसून आठवण करून देणारं अॅप लिहिलं. फार खूश होतो. दिवाळीत काकू चार दिवस माहेरी गेली, तेव्हा म्हणालो, "मी आहे ना!"

दुसऱ्या रात्री एक वाजता ऑफिसचा कॉल आला. सर्व्हर पडला होता. अलार्म वाजला, मी स्नूझ केला. पुन्हा वाजला, पुन्हा केला. पाच वाजता गेलो तेव्हा दादा शांत झोपला होता, त्याच कुशीवर. कमरेच्या हाडावर लाल चट्टा. बोटाने दाबला तरी पांढरा होईना. आठवड्याभरात तिथली कातडी सुटली. जखम भरायला तीन महिने लागले.

दादा रागावला नाही. एवढंच म्हणाला, "तुझं अॅप चोख आहे रे. उठणारं माणूस लागतं."

ते माणूस म्हणजे काकू. सहा वर्षं ती सलग झोपलेली नाही. आम्ही सगळे तिला 'खंबीर' म्हणून मोकळे झालो होतो.

आता एक शनिवार सोडून मी गावी जातो. लॅपटॉप नेत नाही. पहिल्या शनिवारी माझ्यावर विश्वास नसल्यामुळे काकू तीनदा उठून आली. परवा सकाळचे सात वाजले तरी तिच्या खोलीचं दार बंद होतं. दादाने खूण केली, चहाची भांडी वाजवू नकोस.